झोपेसाठीचं रेकॉर्डिंग

माझी थोरली बहीण मुलांवर संमोहनाचे उपचार करायची. असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच काळ्या झग्यातला जादूगार येतो. ताईकडे होती एक तपकिरी आरामखुर्ची आणि तिचा आवाज. आवाज मात्र असा, की घासाघीस ऐकता ऐकता भाजीवाला जांभया द्यायला लागायचा आणि भाव उतरवून मोकळा व्हायचा. मी तिला म्हणायचे, तुझ्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही, निम्म्यातच डोळा लागतो.

बावीस वर्षं तिनं शाळेत समुपदेशक म्हणून काढली. उलट उत्तरं देणारी, दारं आपटणारी, वर्गातून उठून जाणारी पोरं तिच्याकडे पाठवायचे आणि ती त्यांना समजावायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. डोकं तापलेलं असताना पोराला शहाणपण ऐकू येत नाही, हे तिला उशिरा कळलं. मग दोन वर्षं रीतसर शिकली, नोकरी सोडली आणि झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. बाहेरच्या खोलीत मी बसायचे. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या आणि रडणाऱ्या आयांपुढे पाणी ठेवायचं, एवढं माझं काम.

पद्धत साधी होती. दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजले की पोर सैल पडायचं. मग ताई सांगायची, राग आला की आधी एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं. मोठ्यांचं ऐक, असं ती चुकूनही म्हणायची नाही. शेवटी एकपासून दहापर्यंत सुलटे आकडे मोजून पोराला जागं करायची. घरी लावायला ती एक रेकॉर्डिंगही द्यायची, रात्री अंथरुणात ऐकण्यासाठी. त्यात मात्र सुलटे आकडे नसायचे. ऐकता ऐकता मूल साध्या झोपेत जाणार आणि सकाळी आपोआप उठणार, मग मोजायचं कशाला? धंद्यातल्या सगळ्यांचीच ही रीत होती.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीनं रागाच्या भरात गिऱ्हाइकाचा शिवून तयार झगा कात्रीनं उभा चिरला होता. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुम्ही इथं नुसत्या बसता, की काही करता पण?" मला ती तिथंच आवडली. चार वेळा आली, जरा निवळली. ताईनं रेकॉर्डिंग दिलं आणि तीन आठवड्यांनी दाखवायला सांगितलं.

ठरल्या दिवशी दोघी आल्या. मुलगी ताठ बसली होती, हात मांडीवर. मी चहा आणला, नुकताच गाळलेला, वाफाळता. "घे," म्हटलं. तिनं कप उचलला आणि एका दमात सगळा घशाखाली उतरवला. डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"अगं, भाजलं ना?"

"हो."

"मग प्यायलीस कशाला?"

"तुम्ही घे म्हणालात."

आई कौतुकानं हसली. "बघा, कशी गुणी झालीय!" मी ट्रे तिथंच ठेवला. मी ताईला हाक मारली.

ताईनं मुलीसमोर स्टूल ओढलं. "तू जागी आहेस?"

"हो."

"झोपली आहेस?"

"हो." सूर तोच. ताईनं सुलटे आकडे मोजले, हळूहळू, दहापर्यंत. मुलीचे डोळे उघडेच होते, ते तसेच उघडे राहिले.

"किती वेळा लावता?" ताईनं आईला विचारलं.

"दिवसातून तीनदा. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर आणि झोपताना. एकदा लावून एवढा फरक पडतो, तर म्हटलं तीनदा लावावं. आणि शेवटी मी स्वतः बोलते, तुमच्यासारखंच." तिनं डोळे मिटले आणि बोलून दाखवलं, "आई सांगेल ते करायचं... आई सांगेल तेच करायचं..." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या बाईच्या तोंडून ताईचा आवाज येत होता, अगदी हुबेहूब.

मी न राहवून मुलीला म्हटलं, "अगं, नाही म्हण ना एकदा!"

"नाही," ती म्हणाली.

"हे 'नाही'सुद्धा 'हो'च आहे," ताई पुटपुटली. "रेकॉर्डिंगात सुलटे आकडे घातलेच नाहीत. हिला खाली उतरवलं आणि शिडी मीच काढून घेतली." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ही पोर जन्मभर अशीच राहिली तर, ही भीती आम्हा दोघींना एकदमच वाटली.

ताईनं ठरवलं, हुकूम बंद. रेकॉर्डिंग बंद, घरी कुणी काही फर्मावायचं नाही आणि मुलगी रोज दुपारी दोन तास आमच्याकडे बसेल. आम्हीही तिला काही सांगायचं नाही. जिच्या आवाजावर आमचं पोट चालायचं, ती तोंडाला कुलूप लावून बसली. मला तर बोलल्याशिवाय घास उतरत नाही. माझे काय हाल झाले ते माझं मला माहीत.

पहिले चार दिवस मुलगी हललीच नाही. खिडकीतून ऊन थेट तिच्या डोळ्यांवर यायचं, ती मान वळवायची नाही. सरक गं, असं माझ्या ओठांवर यायचं. ताई डोळे वटारायची. पाचव्या दिवशी तिनं मान वळवली. सातव्या दिवशी खुर्ची सरकवली. नवव्या दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "इथं फार कंटाळा येतो." मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले.

संध्याकाळी आई न्यायला आली. "चल."

"नाही येत."

आई मटकन खाली बसली. "झाली पहिल्यासारखी! मॅडम, मधली होती तीच बरी होती हो. पुन्हा करा ना तशी."

"नाही," ताई म्हणाली.

"आईनं ते रेकॉर्डिंग पुसलेलं नाही," मुलगी म्हणाली. "मी झोपले असं समजून उशाशी लावते." आईनं मोबाइल छातीशी धरला. ताईनं हात पुढे केला आणि तसाच ठेवला. अखेर आईनं तो दिला. मुलीनं आपल्या हातानं रेकॉर्डिंग पुसलं. मग तिनं ताईकडे पाहिलं.

"आणि तुमच्याकडचं?"

ताईनं कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर यादी उघडली. मुलीनं आपल्या नावासमोरचं पुसलं, पण ती खुर्चीवरून उठली नाही. यादी खाली सरकवत राहिली. त्रेसष्ट नावं होती.

"या सगळ्यांना दिलंय?" तिनं विचारलं. "त्यांना कोणी उठवलं?"

 ताईनं वही काढली, पहिल्या घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मुलाचे वडील होते.

"अहो मॅडम, देवासारख्या भेटलात! पोरगं आता शब्द खाली पडू देत नाही. थांबा, देतो त्याला. ए, बोल मॅडमशी."

"बाळा," ताई म्हणाली, "कसा आहेस?"

"हो," पलीकडून आवाज आला.