अकरा नग

हजेरीबाबू माणसाला नुसत्या नावाने कधी हाक मारत नसत. सिविक सेंटरच्या भर गर्दीत, चाटच्या ठेल्यासमोर ते ओरडत, "रामाधार वल्द बुधराम!" आणि खरोखरच एखादा पिकल्या मिशांचा माणूस हातातली प्लेट सावरत "हाजिर, बाबूजी!" म्हणून ताठ उभा राही. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. मी त्यांच्या शेजारची, भिलाईतच वाढलेली, आणि मुलीला वल्द लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी मी आयुष्यभर त्यांची 'मीना वल्द श्रीराम'च राहिले.

बाबू मूळचे वर्ध्याकडचे. भिलाईजवळच्या रसमड्याला एका लोखंडाच्या कारखान्यात टाइमकीपर. सकाळी गेटवर नावं पुकारायची आणि रजिस्टरात हजेरी लावायची, हे त्यांचं काम. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याच्या नावावर मागून दुसऱ्याच कुणी "हाजिर" म्हटलं. बाबूंनी मान वर करून आवाज ओळखला आणि मेहुण्याची गैरहजेरी लावली. काकू महिनाभर धुसफुसत होत्या. बाबू म्हणाले, "दुसऱ्याच्या नावावर ओ देनं म्हंजे त्याले जित्तेपनी पुसनं होय."

मग देशाची दारं उघडली, असं म्हणतात. बाकी देशाचं काय झालं ते शहाण्यांनी सांगावं. रसमड्याच्या त्या गेटवर परमनंट भरती थांबली आणि ठेकेदाराची माणसं येऊ लागली. रोज नवे चेहरे. साहेब म्हणाले, नावं ठेकेदाराकडे आहेत, तुम्ही फक्त आकडा लिहा. बाबूंनी नवा रकाना आखला. त्याच्यावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून पाइप आणि पत्र्यांच्या रजिस्टरातला शब्द उचलला, नग. आज चौदा नग, उद्या वीस नग. शेकडो बापांची नावं पाठ असलेल्या माणसाचा हात तेव्हा अडखळायला हवा होता. या गोष्टीचा मला अजून राग येतो. बाबू मात्र हजेरी लवकर उरकते म्हणून खूश होते.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. "आता इथल्या पोराले इथंच काम भेटन," म्हणाले. भेटलंही. बाबू रिटायर झाल्यावर त्यांचा एकुलता एक प्रकाश त्याच कारखान्यात लागला, ठेकेदाराकडे.

दुसऱ्याच वर्षी क्रेनची साखळी तुटली आणि प्रकाश खाली सापडून जागीच गेला. कारखान्यावाल्यांनी त्याला गेटबाहेर आणून रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि गाडीने उडवलं असं सांगितलं. सोबतच्यांनी सगळं पाहिलं होतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनाही काम हवं होतं. बाबूंची मागणी एकच होती. पोरगा कामावर होता, एवढं लिहून द्या.

त्यांच्याबरोबर ऑफिसात मीच गेले होते. तिथल्या क्लार्कने रजिस्टर उघडून त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवलं. "देखिए बाबूजी, ग्यारह नग आए, ग्यारह नग गए. इसमें आपका लड़का कहाँ है?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रकाशच्या जागी दुसरा माणूस उभा करून त्यांनी अकरा भरून काढले होते. भांडायची तयारी मी करून गेले होते. बाबू त्या रकान्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "चाल बेटा. हे माह्याच हातचं आहे."

नंतर वकील झाले, अर्ज झाले. दर ठिकाणी तेच रजिस्टर पुढे आलं. बाबू खचत गेले. शेवटच्या महिन्यात अंथरुणावर पडल्या पडल्या जुनी नावं पुकारायचे, एकामागून एक, वल्दसकट. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे आणि हवेत बोटाने खूण करायचे. एका दुपारी ते म्हणाले, "प्रकाश वल्द वासुदेव." आणि थांबले. बोट वरच राहिलं. पुन्हा म्हणाले, "प्रकाश वल्द वासुदेव." काकू पदर तोंडात धरून आत गेल्या. मला ते बोट बघवेना. मी म्हटलं, "हाजिर."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आवाज त्यांनी ओळखला होता.

"मीना वल्द श्रीराम," ते म्हणाले, "दुसऱ्याची हजेरी काहून लावून राहिली?"