बांधावरचा कडूनिंब आणि सरकारची परवानगी

माझ्या बाबांनी आयुष्यात पहिली स्वतःची जमीन घेतली ती बाळापूरजवळ, नाल्याच्या काठी. त्याआधी आमच्या घराण्यातल्या माणसांनी झाडं लावली, राखली, पण दुसऱ्याच्या बांधावर. त्यांच्या सावलीत बसायलाही विचारावं लागे. म्हणून नव्या बांधावर आपोआप एक कडूनिंब उगवला, तेव्हा बाबांनी वखर वळवून घेतला. याचं लाकूड आपल्या घराच्या आढ्याला जाईल, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. आम्ही कुडाच्या घरात राहत होतो.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मामा अकोल्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा आणि बिघडलेली पत्रकं गठ्ठ्यानं आणायचा. माणूस कुणाच्या मेहेरबानीवर जगत नाही, त्याच्या कष्टाचं ते त्याचं, हे ती निरनिराळ्या शब्दांत सांगत. मुलींनी हळू बोलावं असं सांगणारं एकही पत्रक त्यानं आणलं नाही. मी त्याची आभारी आहे.

दर पावसाळ्यात शाळेत वनमहोत्सव व्हायचा. साहेब जीपनं येत. त्यांच्या स्वागताला हिरवी कमान हवी म्हणून आम्हाला जांभळाच्या फांद्या तोडून आणायला पाठवत. रोपं लावली जात, टाळ्या होत, जीप गेली की शेळ्या येत. पुढच्या वर्षी नवे खड्डे खणावे लागत नसत.

मग एका वर्षी गावात बातमी आली की पोळ्यानंतर स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही सरकारची परवानगी लागणार. हेतू झाडं वाचवण्याचा होता. पोळ्याआधीच्या त्या दिवसांत गावानं आपली झाडं झपाट्यानं आडवी केली. बाभळी गेल्या, निंब गेले, मनगटाएवढे सागसुद्धा गेले. बाळापूरच्या बाजारात लाकडाला गिऱ्हाईक मिळेना. शेजारच्या शेतातले काका कुऱ्हाड घेऊन आमच्या बांधावर आले.

"काय पाहून राहिला बे? तोड ना. पोळा झाला का हा सरकारचा जावई."

"कवळा हाये अजून," बाबा म्हणाले. "आता तोडला तं चुलीत जाईन."

"आपल्याच चुलीत जाईन ना? का साहेबाच्या?"

बाबांनी तोडला नाही. गावाच्या लेखी तो वेडेपणा होता.

निंब वाढत गेला. बाकीचे बांध उघडेच राहिले, कारण निंदताना दिसेल ते रोपटं बाया उपटून टाकू लागल्या. त्या काही झाडांच्या वैरी नव्हत्या. मोठं झाल्यावर जे आपलं राहणार नाही, ते कोण वाढवणार? आसपासच्या शेतांतल्या बाया मात्र दुपारी आमच्या निंबाखाली भाकर खायला येत आणि लेकरांच्या झोळ्या त्याच्याच फांद्यांना बांधत.

मी अमरावतीला कॉलेजात गेले, त्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत बसली. पुढचा पावसाळा त्या घरात काढणं शक्य नव्हतं. बाबांनी परवानगी मागितली. बाळापूरवाले अकोल्याला जा म्हणाले, अकोल्यावाले बाळापूरची सही आणा म्हणाले. हिवाळा गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी असताना एकदाचा जंगलखात्याचा माणूस झाड पाहायला आला.

"कोणी लावलं हे?" त्यानं विचारलं.

"कोनीच नाही. आपल्या मनानं आलं."

"मग तुमचं कसं?"

"मंग तुमचं कसं?" बाबा म्हणाले.

तो माणूस हसला. मी हसले नाही. तोंडात पाच-सहा पत्रकं एकदम आली होती. आईनं माझा हात धरून ठेवला आणि त्याला म्हणाली, "साहेब, पानी प्या. पोरगी शिकून राहिली ना, म्हनून गरम हाये."

मृगाच्या तोंडावर परवानगी आली. एक झाड तोडा, दोन रोपं लावा, अशी अट होती. निंब पडला, सुतारचाचांनी आढं बसवलं, वर कवेलू चढले. त्या पावसाळ्यात आमच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही. अटीची रोपं बाबांनी इमानानं लावली. तपासणी होईपर्यंत त्यातलं एक जगलं.

पुढच्या दिवाळीला शेतात गेले तर बांधावर पुन्हा एक निंबाचं रोपटं दिसलं. बाबा त्याच्याभोवती दगड रचत होते. माझं डोकं तडकलं.

"उपटा ते, बाबा. पुन्हा तीच परवानगी, तेच हेलपाटे. फुकट सरकारची चाकरी काहून करता?"

"हे कोनाच्या हुकमानं उगवलं का?"

"नाही."

"मंग कोनाच्या हुकमाले भेऊन उपटू काहून?"

मी पुष्कळ वाद घातला. ते ऐकत होते आणि दगड रचत होते. तो नियम चुकीचा आहे, हे माझं मत अजून कायम आहे, आणि ते मी छापूनही सांगते. माणसाला त्याच्याच झाडापासून तोडलं की झाडही जातं. हे मी माझ्या गावात पाहिलं आहे. पण रागाखेरीजही ताठ उभं राहता येतं, हे मला बाबांकडून मिळालं, आणि ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मी दुपारची शेतात गेले होते. रोपटं कमरेएवढं झालं आहे. सावली सुपाएवढी. कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला आलेली एक बाई आपलं लेकरू त्या सावलीत झोपवून, स्वतः उन्हात बसून भाकर खात होती.