मोगऱ्याची तान

माझं तोंड तेव्हाही फटकळ होतं आणि आजही आहे. फरक एवढाच, की आता बोलायच्या आधी समोरच्याचं नीट ऐकून घेते. ही सवय मला सोलापुरात लागली. ती कशी लागली, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते. म्हणून इथे लिहून टाकते.

तीस सालाच्या जरा अलीकडची गोष्ट. लग्न होऊन मी कोकणातल्या खेड्यातून थेट सोलापुरात आले. हे मिलच्या कचेरीत कारकून होते. आमच्या दोन खोल्या, समोर सामाईक अंगण, अंगणात आड. पलीकडच्या दोन खोल्यांत एक लिंगायत बाई आणि त्यांची थोरली नणंद राहायच्या. दोघींच्याही कपाळाचं कुंकू गेलेलं. बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का नणंदेला वन्सं म्हणत, म्हणून मीही वन्संच म्हणू लागले. वन्संना विसर पडायचा. भाकरी थापताना हात चुकायचा नाही, पण ती खाल्ली की नाही, हे मात्र त्यांना आठवायचं नाही. त्यांच्याकडे एकच काम सोपवलेलं होतं. सकाळी दारच्या बेलाच्या रोपाला तांब्याभर पाणी घालायचं आणि महादेवाला त्रिदळ काढून ठेवायचं. ते त्या कधी विसरल्या नाहीत. तो पितळी तांब्या दिवसभर त्यांच्या हातात असायचा.

दोघींचं पोट फुलांवर चालायचं. अंगणाच्या एका कडेला शेवंतीचे वाफे, दुसऱ्या कडेला मोगऱ्याची झुडपं. थंडीत शेवंतीच्या वेण्या, उन्हाळ्यात मोगऱ्याचे गजरे. अक्का ते सकाळी घरोघर पोचवून यायच्या.

शेवंती म्हणजे लाडावलेली माहेरवाशीण. तिचं मूळ वरवरचं, त्यामुळे तिला रोज थोडं पाणी लागतं. एक दिवस विसरलं तर मान टाकते, आणि जास्त झालं तर बुडाशी कुजते. श्रावणात तिचे शेंडे खुडायचे, म्हणजे ती आडवी फुटते. कळ्या आल्या की काठ्यांचा आधार द्यायचा. पानांवर मावा पडला की चुलीतली राख भुरभुरायची. फुलं संपली की तिला छाटून तिचे फुटवे भिंतीच्या सावलीला उन्हाळाभर जपायचे. मोगऱ्याचं सगळं उलटं. त्याचं मूळ खोल, लाकूड चिवट. सावलीत ठेवला की रुसतो, वैशाखाच्या उन्हात हसतो. आणि त्याच्या फुलण्याचं एक गुपित आहे. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं कबूल करेन तर ती मी कसली. आमच्याकडे आगरात पाटाचं पाणी खेळायचं, तेव्हा झाडांतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

कार्तिक सरता सरता अक्का लेकीच्या बाळंतपणाला अक्कलकोटच्या पलीकडे निघाल्या. वन्सं मागेच राहणार होत्या, त्यांचं दोन वेळचं जेवणखाण मी बघणार होते. दारात टांगा उभा होता, टांगेवाला घाई करत होता. टांग्यात चढता चढता त्या मला म्हणाल्या, “वैनी, शेवंतीला रोज सांजचं तांब्याभर पानी घाला. लई नगं, पर चुकवू नगा. आन् मोगऱ्याला तान हाय, तेवढं ध्यानात ठेवा.”

“हो, हो, तुम्ही काळजी करू नका,” मी म्हटलं.

आता आमच्याकडे तान म्हणजे तहान. लहानपणी आम्ही पोरं ‘तान लागली’ म्हणतच घरात शिरायचो. मी मोगऱ्याकडे पाहिलं. पानं पिवळी पडून गळत होती, बुडाशी मातीला भेगा गेल्या होत्या. तहानलेला असणारच. इतके दिवस या बाईच्या डोळ्यांना हे दिसलं नाही, याचा मला रागही आला. आईला धाडलेल्या पत्रात मी लिहिलं, की इथल्या माणसांना झाडाची दयामाया नाही, मुक्या जिवाला तहानलेलं ठेवतात.

आडाचं पाणी तळाला गेलं होतं. मग शेवंतीचं निम्मं पाणीही मी मोगऱ्याला देऊ लागले. शेवंती कळ्यांनी भरलेली, तिला काय कमी, असं वाटलं. पंधरा दिवसांत मोगऱ्याला कोवळी, चकचकीत पालवी फुटली. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे बघत उभी राहायची. शेवंतीच्या कळ्या उमलायच्या आधीच करपल्या, तेव्हा मी थंडीला बोल लावला.

संक्रांतीच्या आधी अक्का परत आल्या. गाठोडं हातात तसंच ठेवून त्या मोगऱ्यापुढे उभ्या राहिल्या. मी पदराला हात पुसत लगबगीने पुढे गेले. शाबासकी मिळाली की काय म्हणायचं, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

“ह्याला पानी कुनी घातलं?” अक्कांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. “तान दिला हुता की मी ह्याला.”

‘दिला’ हा शब्द माझ्या कानाला खटकला. तहान कुणी देत नाही. अक्का ताण म्हणाल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात ण नव्हताच, पाण्यालाही त्या पानीच म्हणायच्या. मोगऱ्याला थंडीत महिना-दीड महिना मुद्दाम पाणी तोडायचं असतं. पानं गळू द्यायची, मग छाटायचं, बुडाशी कुजलेलं शेणखत घालायचं आणि त्यानंतर पाणी सोडायचं. इतके दिवस अडवून धरलेलं बळ मग कळ्यांत येतं. आयतं पाणी मिळालं की झाड माजतं, पानंच पानं होतात. अक्का हे सगळं आपल्याशीच बोलल्यासारखं सांगत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, “आता उन्हाळ्यात फुलं कुटनं येनार?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. ऐकण्यात चूक झाली, एवढंच सांगायचं होतं. पण सगळं कळतं म्हणून मिरवणारी मी, माझ्या तोंडून बाहेर पडलं ते असं: “मी कशाला घालू? वन्संच तांब्या घेऊन फिरत असतात दिवसभर.”

यातलं दुसरं वाक्य खोटं नव्हतं. त्याचीच मला अजून जास्त लाज वाटते.

वन्सं दारातच होत्या. त्यांनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं, मग मोगऱ्याकडे. आठवायची त्यांची धडपड चेहऱ्यावर दिसत होती. मग त्या म्हणाल्या, “मीच घातलं आसंल. मला कुटं ध्यान ऱ्हातंय.”

अक्का त्यांना रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त हातातला तांब्या काढून घेतला. “आता पान्याला हात लावू नगा, वन्सं,” म्हणाल्या, आणि तांब्या फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून बेलालाही अक्काच पाणी घालू लागल्या.

चैत्रात मोगऱ्याला मूठभर फुलं आली. अक्कांनी विड्या वळायला घेतल्या. तंबाखूच्या भुकटीने त्या दिवसभर खोकायच्या, आणि तो खोकला आमच्या भिंतीतून ऐकू यायचा. वन्सं दाराशी बसायच्या. सकाळी सवयीने त्यांचा हात तांब्यासाठी पुढे जायचा, मग काहीतरी आठवायचं आणि त्या तो हात मांडीखाली दाबून धरायच्या. जेवल्याचं त्यांना आठवायचं नाही, पण हे आठवायचं. अंगणात येईल त्याला त्या विचारायच्या, “मोगरा मीच घालवला न्हवं?” मलाही विचारायच्या. मी कामाचं निमित्त काढून आत जायची.

वैशाखात एकदा अक्का वळलेल्या विड्या पोचवायला गेल्या होत्या. दुपारची वेळ, अंगणात कुणी नव्हतं. मी वन्संच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं, “वन्सं, मोगऱ्याला पाणी मी घातलं होतं. तुम्ही नाही.”

अक्कांना न सांगता वन्संनाच का सांगितलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत त्या विसरतील, हा माझा हिशेब होता. मन हलकं व्हावं आणि अब्रूही राहावी.

वन्संनी माझ्या गालावरून हात फिरवला. “लई चांगली हाईस गं पोरी,” त्या म्हणाल्या. “माझा आळ आपल्या अंगावर घ्याला लागलीस.”

मी मान वर केली तर अक्का रिकामी पाटी घेऊन दारात उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. “वैनी,” त्या म्हणाल्या, “रगताचं मानूस बी एवढं करत न्हाई.”

नाही अक्का, खरंच मीच घातलं होतं, एवढं म्हणायचं होतं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

पुढच्या थंडीत अक्का कुठे गेल्या नाहीत. त्यांनी मोगऱ्याला वेळेवर ताण दिला, छाटला, खत घातलं, आणि चैत्रात झुडपं पांढरीशुभ्र झाली. अंगणभर वास दाटला. पहिल्या दिवशीचा गजरा अक्का कुणाला देत नसत, तो महादेवाचा. त्या वर्षी मात्र त्यांनी त्यातला अर्धा तोडला, मला समोर बसवलं आणि माझ्या अंबाड्यावर स्वतःच्या हाताने माळला.

तांब्या फळीवरच होता. वन्सं दाराशी बसल्या होत्या, मांडीखाली हात दाबून. गजऱ्याकडे पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “शोभतोय गं तुला.”