पोटावरचा गडू

लाजण्यासारखं आहे, पण सांगतो. मला गॅस झाला की माझी बायको माझ्या पोटावर गडू लावायची. बजाजनगरात राहायला आलो तेव्हापासून. एकच खोली, तीन लेकरं, वर माझी आई. नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकाला हात लावायची सोय नव्हती. पण पोट फुगलं तर कोण काय बोलणार?

ती मला चटईवर उताणं पाडायची. हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती फिरवायची. मग कणकेची सुपारीएवढी गोळी, तिच्यात तेलाची वात, ती बेंबीवर ठेवून पेटवायची आणि वरून पितळी गडू पालथा घालायची. आत वात विझली की गडू पोटाला धरायचा, वासरू आचळाला लुचतं तसा. ती तो हळूच वर ओढायची आणि मला वाटायचं, मी सगळाच वर निघालो. पत्रे, कंपनीचा भोंगा, आईचा खोकला, समदं खाली राहायचं. मी आपला खुलताबादच्या डोंगरावरून चाललोय, खाली सीताफळीची झाडं, उन्हात धुकं. तिचा डावा हात माझ्या बरगडीवर असायचा. तो उचलला की मी परत चटईवर.

खरं सांगू? निम्म्या वेळी मला गॅस नसायचाच. मुळा खाल्ला, हरभऱ्याची डाळ बाधली, काहीबाही सांगायचो. ती मुकाट्यानं कणीक घ्यायची. भाकरी थापून, धुणं धुऊन दमलेली बाई, आणि मी धडधाकट गडी कण्हत पडायचो. चाळीस वर्षं फसवलं तिला. कबूल करायचं म्हणेपर्यंत ती गेली. तेवढंच छातीत बसलंय.

आता गॅस खरा होतो. सून ओवा आणि काळं मीठ आणून ठेवते. चावतो, दोन ढेकर येतात, पुन्हा पोट नगारा. परवा रविवारी दुपारी राहवलं नाही. लेकाला म्हणालो, "गडू लाव."

"बाबा, पोट जाळून घेता का?"

"तुझ्या आईच्या हातानं कधी जळलं का?"

त्याला काय येतंय! मला तरी कुठं येतं, मी कायम गडूच्या खाली. येत होतं ते सुनेला, सासूजवळ बसून बघितलेलं. पण सासऱ्याच्या उघड्या पोटापुढं कशी येणार? ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड, पाठ फिरवून उभी राहिली आणि तिथूनच नवऱ्याला हुकूम सोडायला लागली.

"वात केवढी घेतली?"

"बोटाएवढी."

"अहो, घर पेटवता का? निम्मी करा!"

पहिल्यांदा गडू घसरला. दुसऱ्यांदा धरला. लेकाचा हात मशीनवर काम करून खरखरीत झालाय, तरी त्यानं बरगडीवर ठेवला. वर पंखा फिरत होता, मी हळूहळू हलका होत होतो. मग जोरात वारा सरला.

"भोंगा झाला बाबा!" लेक हसला. पडद्याआडूनपण हसू आलं.

मला काय झालं कुणास ठाऊक. छताकडं बघत बोलून गेलो, "तुझ्या आईला लई फसवलं मी. निम्म्या वेळी पोटात काय नसायचं."

मग पडद्यातून सून म्हणाली, "मामा, आत्याबाईंना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मला वात वळायला शिकवताना बोलल्या. म्हणल्या, खरा गॅस असला की तुझ्या मामांचं पोट टणक लागतं. मऊ लागलं तर समजायचं, काय झालेलं नाय. तवा गडू जास्त वेळ ठेवायचा."

"जास्त वेळ? कशाला?"

"म्हणल्या, तेवढंच मला बी बसायला मिळतं त्यांच्याजवळ."

पंख्याची पाती एकात एक मिसळली. मी डोळे पुसले नाहीत, कानाकडं जाऊ दिलं पाणी. म्हातारी बेरकी होती. मला वाटायचं मीच शहाणा.

"काढू का बाबा?" लेकानं पोट दाबून विचारलं. "मऊ लागतंय आता."

"तुला काय कळतंय?" मी म्हणालो. "टणक हाय अजून. बस खाली."