रेघेच्या वरचं घर

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. नेवाशाहून नगरला निघालेली आमची एसटी इतकी सावकाश चालली होती की रस्त्याकडेच्या बाभळी आम्हाला मागे टाकून पुढे जात होत्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं पटक्यातून धरणाचा नकाशा काढून मांडीवर पसरला. मी साबण विकणारा माणूस, पण ठोकून दिलं, "बाबा, असले नकाशे मी डोळे मिटून वाचतो!"

"मंग ही रेघ बगा." त्यानं रेघेवर करंगळी टेकवली, दुखऱ्या जागेवर टेकवावी तशी. "हितपत्तुर पानी येनार. समद्या गावाला नव्या गावठानात जागा भेटली. माझं घर रेघेच्या वर हाय, हातभर."

"मग नशीबवान तुम्ही! घर वाचलं!"

"व्हय, वाचलं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "सायेब, त्येंनी घराची उंची मोजली. माझी हाक कुठवर जाती, त्ये कुनी मोजलं न्हाई."

मी जाणकारासारखा नकाशावर वाकलो.

मग तो हळूच म्हणाला, "तुमी जानकार. ही रेघ माझ्या घरामागनं काढा की. कचेरीत दावतो. गावाबरूबर मलाबी हालवतील."

खिशातल्या पेन्सिलीनं मी हेलकावत्या गाडीत रेघ त्याच्या घरामागून वळवली. ओली असल्यासारखी त्यानं तिच्यावर फुंकर मारली आणि नव्या गावठाणात आपल्या डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण, ते नगर येईपर्यंत मला सांगत राहिला. मी एवढा बोलका, पण मी साबण विकतो आणि ही रेघ कचेरीत चालायची नाही, हे सांगायला तोंड उघडलं नाही.