रिकामा परतलेला डबा

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे, आणि ते अजून आहे याचा दोष अर्धी गल्ली सुवार्ताबाई पठारेंना देते. मीही दिला. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

बाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. नवरा शांतवन दारूपायी चाळिशीतच गेला. बाई बालवाडीत शिकवायच्या आणि संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर गल्लीतल्या बायकांना सही करायला शिकवायच्या. कुणाचा धर्म कोणता, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कुणी अंगठा पुढं केला की मात्र पारा चढायचा. त्यांच्या समोरच्या घरात अनसूयाकाकू. सकाळचा चहा एकीच्या हातचा, संध्याकाळचा दुसरीच्या. दिवाळीचा फराळ आणि नाताळच्या करंज्या स्टीलच्या एकाच डब्यातून ये-जा करायच्या. तो डबा कधी रिकामा परतला नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामा नाही.

काकूंचा श्रीरंग त्या दुकानात जाऊ लागला आणि दोघींनी पदर खोचला. वॉर्डातल्या पंचवीस टक्के बायकांनी अर्जावर सह्या केल्या की दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर बायकांचं मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. दोघी उन्हातान्हात दारोदार फिरल्या. मीही दोन दिवस गेले, मग माझे गुडघे दुखायला लागले. निदान मी तसं सांगितलं.

एक्केचाळीस सह्या कमी पडल्या. एका दुपारी काकूंनी आणि आम्ही चौघींनी बसून त्या भरून टाकल्या. कुणी कन्नडला लेकीकडं गेलेली, कुणी खोली सोडून गेलेली. वारलेल्या आवडाबाईंचीसुद्धा. ती मीच केली. संध्याकाळी कागद बाईंपुढं ठेवले. सगळ्या सह्या खऱ्या आहेत, असं शेवटी त्यांना लिहून द्यायचं होतं.

पण एकेकीचा हात धरून त्यांनीच तर गिरवून घेतलेलं, प्रत्येकीच्या सहीचं वळण त्या ओळखायच्या. आवडाबाईंच्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"अनसूया, ही तर होळीच्या आधीच गेली. मी मयतीला होते की."

"माहीत आहे गं. पण असती तर केलीच असती ना?"

"केली असती, व्हय. पण केली नाय."

"तो दुकानवाला काय सज्जन आहे? त्याच्याशी आपणच तेवढं सोवळ्यात वागायचं?"

"त्याचं त्याच्यापाशी. मी खोटं लिहून दिलं तर प्रभूपुढं कोणत्या तोंडानं उभी राहू?"

"आणि माझा श्रीरंग?" काकूंनी विचारलं.

बाई रडल्या. रडत रडतच पट्टी घेतली आणि एक्केचाळीस नावांवर रेघ ओढली. अर्ज अपुरा राहिला. रागावलेल्या आम्ही कुणीच पुन्हा फिरायला निघालो नाही.

त्या नाताळात बाईंनी करंज्यांचा डबा पाठवला. तिसऱ्या दिवशी तो परत आला, लख्ख घासलेला आणि रिकामा. बाईंनी झाकण काढून आत बोट फिरवलं, साखरेचा कण तरी असेल म्हणून. मला ते बघवलं नाही.

पुढच्या वर्षीही तेच झालं. बाई ओसरीवर बसून समोरचं दार बघत राहतात. "आज अनसूयेला लई खोकला हाय," मला सांगतात. श्रीरंग गल्लीत पडलेला दिसला की त्याला उठवून काकूंच्या दारापर्यंत नेतात, बेल दाबतात आणि दार उघडायच्या आत पायऱ्या उतरतात. थांबत का नाही, असं मी एकदा विचारलं.

"तिला माझं तोंड बघायचं नसंल तर? लेकाचं दुख काय कमी हाय का तिला?"

यंदाच्या नाताळातही डबा गेला. परत आणायला मीच गेले होते. काकूंनी तो हातात दिला, तर जड लागला. बाईंनी घाईघाईनं झाकण काढलं. आत नव्या अर्जाचे, सह्यांनी भरलेले कागद होते. पावसाळाभर काकू वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच फिरल्या होत्या म्हणे, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. सोबत चिठ्ठी नव्हती. फक्त शेवटी, सह्या खऱ्या असल्याचं जिथं लिहून द्यायचं तिथं, बाईंसाठी जागा कोरी सोडलेली.

बाईंनी चष्मा लावला आणि एकेका नावावर बोट ठेवत सगळे कागद वाचले. कितीएकींच्या घरी जाऊन विचारूनही आल्या. मग सही केली.

"सगळ्या खऱ्या हायेत," त्या म्हणाल्या. कागद परत डब्यात ठेवले, वर करंज्या रचल्या आणि डबा माझ्याकडं दिला. समोरचं दार बंदच होतं.

"कागद आले गं नीरजा," त्या म्हणाल्या. "ती कुठं आली?"