शेवटची आठ मिनिटं

मी तीन वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून पोट भरलं, आणि त्या अनुभवावरून सांगतो, की तक्रार कशी करावी हे ठाण्यापासून कर्जतपर्यंत एकाच माणसाला कळत होतं. ते म्हणजे अंबरनाथचे काका. ते माझे कोणी लागत नव्हते. आमच्या यादीतले ते एक मेंबर आणि मी त्या यादीचा कारकून, एवढाच आमचा संबंध. दोन हजार सालानंतरच्या, घरोघर इंटरनेट यायच्या आधीच्या त्या मधल्या वर्षांत उल्हासनगरच्या एका सिंधी शेठनं घरपोच सिनेमांचा धंदा काढला होता. मेंबरनं हव्या त्या सिनेमांची यादी द्यायची, आम्ही डिस्क पाकिटात घालून कुरियरनं पाठवायची, बघून झाली की त्यानं त्याच पाकिटातून ती परत करायची आणि मग पुढची निघायची. परत आलेल्या डिस्क तपासणं आणि खराब निघालेल्या डिस्कबद्दलचे फोन घेणं हे माझं काम. माणसं डिस्कचं काय काय करतात हे मला तिथं कळलं. एका डिस्कवर हळदीची पाच बोटं उमटून आली होती. एकीवर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं. बदलापूरच्या एका घरातून आलेल्या डिस्कला कडेनं दुधाच्या दातांचे ठसे होते, आणि पाकिटावर मात्र ‘काळजीपूर्वक हाताळावे’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. हीच माणसं पुढच्या महिन्यात फोन करून, डिस्क अडकते म्हणून माझा उद्धार करत.

काकांचा आवाज कधी चढला नाही. ‘जयभीम’ म्हणून ते सुरुवात करायचे, माझ्या तब्येतीची चौकशी करायचे आणि मग म्हणायचे, “तक्रार नाही, नोंद आहे. लिहून घ्या.” अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही तुकडा कधी परत आला नाही, असं ते स्वतः सांगत नसत, पण बोलण्यात ते दोनतीनदा येऊन जायचं. निवृत्त झाल्यावर पालेगावच्या बाजूला त्यांनी फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरला भिंतींबद्दल नऊ पानी अहवाल दिला होता म्हणे. त्यानंतर त्यांच्या नजरेला खाद्य उरलं नव्हतं. ते आमच्या डिस्कनी पुरवलं. पाकीट आलं की ते लगेच उघडत नसत. सकाळी अकराला गॅलरीत ऊन येतं, तोवर पाकीट टेबलावर थांबायचं. मग डोळ्याला भिंग लावून ते डिस्क उन्हात फिरवत. ओरखड्यांचे त्यांनी प्रकार पाडले होते. मधून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. गोल गेलेला ओरखडा मात्र दिसत नाही आणि घात करतो, असं त्यांनी मला पहिल्याच फोनवर समजावलं. शेठनं आम्हाला डिस्क पुसायला शिकवली होती ती गोल गोल. काकांमुळे मी ती मधून बाहेर, सरळ पुसायला लागलो आणि आमच्या निम्म्या तक्रारी कमी झाल्या. त्याचं श्रेय शेठनं नव्या फडक्यांना दिलं.

अहवाल ते कार्बन लावून तीन प्रतींत लिहायचे. एक आम्हाला, एक त्यांच्या फायलीला आणि तिसरी पाकिटातच, पुढच्या मेंबरसाठी. ही तिसरी प्रत आमच्या हातून कितीदा तरी तशीच पुढे जायची. डिस्क कुठं अडकते आणि त्या अडकलेल्या भागात काय घडतं हे त्यात असे, म्हणजे पुढच्याची गोष्ट तुटू नये. काका ती मिनिटं कुठून मिळवत, तर कोणी तो सिनेमा पूर्वी पाहिलाय याची इमारतीत मजल्यामजल्यावर चौकशी करून. भाषा मात्र कारखान्याचीच राहिली. ‘नायक नायिकेच्या घरी जातो. पाऊस. गाणे एक. त्यानंतर नायिका नाराज. कारण नमूद नाही.’ उल्हासनगरच्या एका बाईंनी फोन करून सांगितलं, की यापुढे मला नुसती चिठ्ठी पाठवा, डिस्क नको. उलट वांगणीच्या एका गृहस्थांनी, खुनी कोण हे चिठ्ठीत फुटलं म्हणून मेंबरशिप सोडायची धमकी दिली. शेठ वैतागला. “साईं, उस बुड्ढे को बोल, पाकीट में सिर्फ डिस्क डालने का,” असं त्यानं मला सांगितलं. मी काकांना ते जमेल तितक्या गोड मराठीत कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं, नियम लेखी मागितला, आणि तो काही कधी लेखी झाला नाही.

हे सगळं वेड कशासाठी, हे मला कळलं ते एका जुन्या मराठी सिनेमामुळे. सासरातून बाहेर काढलेली एक बाई, तिची लहान मुलगी, गावातली शाळेची नोकरी, अशी ती गोष्ट. आमच्याकडे त्याची एकच डिस्क होती आणि काकांनी ती यादीत सगळ्यात वर लिहिली होती. पण त्यांच्या आधीच्या मेंबरनं ती स्वच्छ करून पाठवण्याच्या सद्‌हेतूनं भांड्याच्या घासणीनं घासली. मी ती वरवर बघून पुढं धाडली, ही चूक माझी. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. जयभीम झालं, तब्येत मात्र विचारली नाही. “अर्ध्यावर बंद पडते,” ते म्हणाले. मग हळूहळू जे सांगितलं ते असं. लग्न झालं त्या वर्षी दोघं हाच सिनेमा बघायला कल्याणला गेले होते. दुपारचा खेळ होता आणि काकांची दुसरी पाळी. मध्यंतराला ते उठले. नवी नवरी एकटी कशी बसणार, म्हणून काकूही उठल्या. पुढं पाळ्या बदलत राहिल्या, पोरं झाली, आणि कुठलाच सिनेमा शेवटपर्यंत बघायची सवय काकूंना लागलीच नाही. आता काकूंना मोतीबिंदू होता, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात होतं. ते झाल्यावर किती दिसेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

दुसरी डिस्क बाजारात मिळत नव्हती. मी शेठला विचारलं, शेठनं चार दुकानांना विचारलं, कोणाकडे नव्हती. तेव्हा काका स्वतःच उल्हासनगरला आमच्या ऑफिसात आले. ठेंगणे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कॅनव्हासची पिशवी. पिशवीत नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे तुकडे, पॉलिशची डबी आणि भिंग. टूथपेस्ट लावून बघा, असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ती सूचना मागं घेतली. डिस्क दुरुस्तीला घरी न्यायला ते तयार नव्हते. वस्तू तुमची, काम तुमच्यासमोर, असं त्यांचं म्हणणं. तीन दुपारी ते माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून घासत होते. प्रत्येक वेळी मधून बाहेर, सारख्या दाबानं, मोजून. पहिल्या दिवशी शेठनं दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी चहा सांगितला. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून शेजारीच बसला आणि गिऱ्हाइकांना नंतर या म्हणू लागला. संध्याकाळी डिस्क लावली. गोष्ट पुढं सरकली, मध्यंतर ओलांडून गेली, नवरा बायकोला परत न्यायला गावात येतो तिथवर पोचली, आणि थांबली. शेवटची आठ मिनिटं राहिली. काकांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “ही जखम आतल्या चंदेरी थराला आहे. तिथं माझा हात पोचत नाही.” चौतीस वर्षांत त्यांनी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. त्यांचे कान लाल झाले होते.

मी रजिस्टर उघडलं. घासणीवाल्या मेंबरच्या आधी तो सिनेमा सोनिवलीच्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे जाऊन आला होता. पत्ता देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून मीच फोन करून शेवट काय होतो ते विचारलं. बाई म्हणाल्या, “सांगायचं कशाला, करूनच दाखवते. घेऊन या त्यांना.” डिस्क पुन्हा रीतसर काकांच्या घरी गेली, जिथवर चालते तिथवर काकूंनी पाहिली, आणि त्या रविवारी मी दोघांना लोकलनं बदलापूरला आणि तिथून रिक्षानं सोनिवलीला नेलं. काकू बारीक, हसऱ्या, डोळ्यावर काळा चष्मा. बाईंनी आम्हाला सरबत दिलं, पदर खोचला आणि आठ मिनिटं दिवाणखान्यात नवरा, बायको, मुलगी आणि गावचे पाटील अशा चारही भूमिका केल्या. नवरा रडतो, बायको त्याच्या पायावर डोकं ठेवते, मुलगी दोघांच्या मध्ये येते, आणि तिघं बैलगाडीतून परत निघतात. बाईंना धाप लागली होती. काका वहीत लिहून घेत होते. काकूंनी जागच्या जागी बसून सगळं ऐकलं आणि विचारलं, “एवढंच?”

बाई जरा हिरमुसल्या. काकूंनी त्यांचा हात धरून फार छान केलंत असं म्हटलं, ते खरंही होतं. पण परतीच्या रिक्षात काका त्यांच्याकडे चोरून बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, की आवडलं नाही का.

“माझा शेवट वेगळा होता,” काकू म्हणाल्या.

“तुझा म्हणजे?”

“तुम्ही पाळीला गेलात ना त्या दिवशी, मी घरी येऊन भाकऱ्या करता करता पुढचं जुळवलं. तो येतो न्यायला. ती त्याला बसवते, चहा पाजते, मुलीला भेटवते. आणि म्हणते, आता पाच वाजता मला शाळेचे कागद तपासायचेत, तुम्ही निघा. तो निघतो.”

“परत येत नाही?”

“येतो की. दर रविवारी येतो. चहा पितो आणि जातो.” मग म्हणाल्या, “मुलगी शिकून पुढं मास्तरीण झाली. तिच्या लग्नापर्यंत सगळं आहे माझ्याकडे.”

काकांनी वही उघडली होती, ती मांडीवरच राहिली. “इतकी वर्षं बोलली नाहीस,” ते म्हणाले. काकू म्हणाल्या, “तुम्ही यायचात तेव्हा दमलेले असायचात.” त्यात राग नव्हता. रिक्षा खड्ड्यातून गेली, काकांनी एका हातानं काकूंचा दंड धरला आणि म्हणाले, बाकीच्या सिनेमांचंही असंच काही आहे का. आहे, काकू म्हणाल्या, पण सगळं एका रिक्षात बसायचं नाही.

त्यानंतर काकांचे फोन हळूहळू कमी झाले. काकूंचं ऑपरेशन ठीक झालं. लांबचं दिसू लागलं, टीव्हीवरचं मात्र धूसरच राहिलं. काकांनी मेंबरशिप सोडली नाही, पण पाकिटं न उघडताच परत येऊ लागली, आत अहवाल नाही की चिठ्ठी नाही. पुढं वेगवान इंटरनेट घरोघर पोचलं, शेठनं धंदा गुंडाळून मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकलं आणि मी दुसरीकडे लागलो. एकदा पालेगावला कामासाठी गेलो होतो म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. टीव्ही बंद होता. गॅलरीत सकाळच्या उन्हात दोघं समोरासमोर बसली होती, काकू मेथी निवडत काहीतरी सांगत होत्या आणि काका हाताची घडी घालून ऐकत होते. मला बघून त्यांनी खूण करून खुर्ची दाखवली, पण उठले नाहीत. गोष्ट मध्यावर आली होती. मी बसलो, आणि अर्ध्या तासानं, माझी वेळ झाली म्हणून, ती संपायच्या आत मला निघावं लागलं.